आधी नाव, मग खुरपं

पहिला दमदार पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की कोरीटमध्ये, किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या तशाच कुठल्याही गावात, घरामागची जागा ओळखू येत नाही. मे महिन्यात जिथे हात जाईल एवढ्या भेगा पडलेली काळी माती होती, तिथे बोटभर हिरवळ उभी असते. त्यात लावलेली भेंडी असते, गवार असते, कुंपणावर चढवलेला दोडक्याचा वेल असतो आणि कुणीही न लावता आलेलं बाकी सगळं असतं. कॉलेजात जाणारा नातू त्या हिरवळीकडे बघून एकच शब्द वापरतो: गवत. त्याची आजी त्याच चार हात जागेवर बोट फिरवत आठ नावं घेते. घोळ, तांदुळजा, केना, लव्हाळा, हरळी, दुधी, तरोटा, गाजरगवत.

परसबाग जगवायची तर आजीच्या नजरेनं बघता आलं पाहिजे. तण उपटण्याआधी त्याचं नाव कळलं पाहिजे, आणि ज्यांना ती नावं ठाऊक आहेत त्यांना आपण शिक्षक मानलं पाहिजे. ही गोष्ट दिसते तेवढी किरकोळ नाही.

नंदुरबार हा केंद्र सरकारच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. कुपोषणाच्या बातम्यांत त्याचं नाव वर्षानुवर्षं येत राहिलं आहे. त्यावरचा एक साधा आणि चांगला उपाय म्हणजे पोषण परसबाग. अंगणवाडीच्या, आश्रमशाळेच्या किंवा घराच्या मागे गुंठा-दोन गुंठ्यांत भाज्या लावायच्या आणि त्या पोरांच्या ताटात जातील असं बघायचं. राज्यात 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांनी अशा हजारो बागा उभ्या केल्या. बियाणं मिळतं, वाफे कसे आखायचे ते सांगितलं जातं, पाण्याची सोय बघितली जाते. निंदणीचा विषय मात्र एका वाक्यात उरकतो: तण वेळच्या वेळी काढावं. वेळ म्हणजे कोणती आणि तण म्हणजे कोणतं, हे दोन्ही प्रश्न तिथेच राहतात.

वेळेचं उत्तर शास्त्राला चांगलं ठाऊक आहे. पिकाच्या आयुष्याचा साधारण पहिला एक तृतीयांश हिस्सा हा तणाशी झटापटीचा काळ असतो. नव्वद दिवसांच्या भेंडीसाठी पहिले तीस-पस्तीस दिवस. त्या काळात जागा स्वच्छ राहिली तर भेंडी स्वतःची सावली धरते आणि मागाहून आलेलं तण तिच्याखाली दबून राहतं. तो काळ हुकला की पुढे कितीही राबलं तरी गेलेलं पीक परत येत नाही. कांद्याला तर आयुष्यभर सावली धरता येत नाही. त्याची पात उभी आणि बारीक, ऊन थेट जमिनीवर पडतं, म्हणून कांद्याच्या वाफ्यात निंदणीला सुट्टी नसते.

आणि तण येतं कुठून? बहुतेक माणसांना वाटतं की ते वाऱ्यानं आलं. थोडं येतंही. पण खरा साठा पायाखाली असतो. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ साली तणांचं बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरलं आणि त्या बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरून बी पेरून बघायचं, असा तो प्रयोग. बील गेले, त्यांच्यानंतरच्या पिढ्या गेल्या, प्रयोग चालूच राहिला. २०२१ साली काढलेल्या बाटलीतलं काही बी, १४१ वर्षांनंतर, रुजून आलं. घोळीच्या एका जोमदार झाडाला लाखाच्या घरात बी धरतं. ते एकदा जमिनीवर पडू दिलं की पुढच्या किती पावसाळ्यांचं काम मागे लावून घेतलं, याचा अंदाज त्या बाटलीवरून यावा. म्हणून निंदणीचा सगळ्यात मोठा नियम फुलाचा आहे. फूल दिसण्याआधी हात लागला पाहिजे.

आता ओळखीकडे येऊ. सगळ्या तणांची यादी इथे देण्यात अर्थ नाही. पण ज्यांची ओळख चुकली तर बाग जाते, अशी चार-पाच आहेत. त्यांच्याजवळ जरा बसावं लागेल.

लव्हाळा सगळ्यांना गवत वाटतो. तो गवत नाही. त्याचा दांडा चिमटीत धरून फिरवून बघावा. गवताची काडी बोटांत गोल फिरते, लव्हाळ्याच्या दांड्याच्या तीन कडा बोटाला लागतात. हा फरक अंधारातही कळतो. तो कळला की पुढचं सगळं वागणं बदलतं, कारण लव्हाळा वरून उपटायची गोष्टच नाही. खुरप्यानं त्याच्याभोवतीची माती वीतभर खोल सैल करून हळूच ओढला, तर खाली आधी एक फुगीर बुंधा दिसतो, मग त्यातून निघालेला दोऱ्यासारखा बारीक धागा, मग काळी खरबरीत गाठ, पुन्हा धागा, पुन्हा गाठ. जपमाळेसारखी ती माळ मातीत आडवी-उभी पसरलेली असते. गाठ फोडली तर आत पांढरट गर आणि ओळखीचा सुगंध. दिवाळीच्या उटण्यात तोच असतो. वैद्यांचा नागरमोथा तो हाच.

या माळेचा स्वभाव विलक्षण आहे. माळ सलग असते तोवर टोकाची गाठ बाकीच्या गाठींना झोपवून ठेवते. घाईनं ओढून माळ तोडली की मागे राहिलेली प्रत्येक गाठ स्वतंत्र होते आणि फुटते. एक रोप उपटलं आणि आठ दिवसांत पाच उगवली, अशी तक्रार प्रत्येक बागेत ऐकू येते. ती तक्रार खरी आहे आणि तिचं कारण हे आहे. जगभरच्या तणांचा आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी १९७७ साली लव्हाळ्याला जगातलं सर्वांत त्रासदायक तण म्हटलं. त्याच्यावरचा खात्रीचा इलाज मात्र आपल्याकडे फुकट आहे: खानदेशाचं ऊन. या गाठींना कोरडं पडणं सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये वाफा खोल खणून ढेकळं उलटी टाकली आणि पंधरा दिवस तशीच तापू दिली, तर वर आलेल्या गाठी मरतात. पारा चाळिशीपार जाणाऱ्या जिल्ह्यात हे काम उन्हाळ्यात करायचं सोडून पावसाळ्यात लव्हाळ्याशी भांडत बसणं ही चुकीच्या महिन्यातली मेहनत आहे.

हरळीचं आणि कुंद्याचंही असंच, पण त्यांची मुळं निराळी. हरळी जमिनीवर धावते आणि पेरापेराला मुळं धरते, त्यामुळे खुरप्यानं तिचे तुकडे करणं म्हणजे तिची लागवड करणं. ती गोळा करून वाफ्याबाहेर काढावी लागते, आणि काढलेली हरळी बांधावर टाकू नये, ती तिथून परत येते. कुंदा हा भारी काळ्या जमिनीचा जुना वैरी. परसात तो क्वचित येतो, शेतात आला तर पिढ्यांना पुरतो. त्याच्या काशा हात-हात खोल जातात आणि त्या खणून वेचण्याशिवाय जुन्या लोकांनी त्याला दुसरं औषध मानलं नाही.

केन्याकडे बघून कुणाला राग येत नाही. गुबगुबीत पानं, नाजूक निळं फूल, ओल्या मातीत चटकन उपटून येणारा मऊ दांडा. पण उपटून आलेला केना एकदा उलटा धरून नीट बघावा. मुळांजवळ जमिनीखाली वाढलेले पांढरट कोंब दिसतात आणि त्यांच्या टोकाशी बारीक, मिटलेल्या कळ्या. या कळ्या कधीच उमलत नाहीत. त्यांना ऊन लागत नाही, माशी बसत नाही, त्या मातीतल्या मातीत स्वतःच फळतात आणि तिथेच बी सोडतात. वरच्या निळ्या फुलाचं बी वेगळं, खालचं वेगळं. म्हणजे वरचं फूल खुडून समाधान मानणाऱ्या माणसाच्या पायाखाली केन्याचं काम चालूच असतं. शिवाय तोडून बांधाच्या ओल्या मातीवर टाकलेला दांडा पेराला पुन्हा मूळ धरतो. केना मुळासकट, पांढऱ्या कोंबांसकट काढावा आणि एखाद्या दगडावर कडक वाळवावा. किंवा कोवळा असेल तर त्याच्या पानांची भजी करावीत. तो उपायही अगदी गंभीरपणे सांगितलेला आहे.

गाजरगवताची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी आहे, कारण ते इथलं नाही. पुण्यात १९५५ च्या सुमारास कचऱ्याच्या ढिगांवर त्याची नोंद झाली आणि तिथून ते देशभर पसरलं. अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्य योजनेच्या गव्हातून ते आलं, असं घरोघरी सांगितलं जातं. तारखा मात्र जुळत नाहीत. त्या योजनेखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा आहे. अमेरिकेचा गहू त्याआधीही, १९५१ च्या टंचाईत, आला होता, त्यामुळे धान्याबरोबर ते आलं असणं शक्य आहे, पण करारावर सगळा दोष ढकलणं घाईचं ठरेल. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं, चटकचांदणी म्हटलं. मूळचं ते मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातलं.

त्याची ओळख पटवायची ती ते लहान असताना. कोवळं गाजरगवत जमिनीला चिकटून चक्राकार पसरतं आणि पानं गाजराच्या किंवा झेंडूच्या पानांसारखी कातरलेली असतात. अनेक बागांत ते झेंडूचं रोप समजून जपलं जातं. पान चुरगळून वास घ्यावा. झेंडूचा उग्र ओळखीचा वास आला नाही तर त्याला राहू देऊ नये. पुढे मधून दांडा उभा राहतो, त्यावर उभ्या रेघा आणि बारीक लव, आणि मग पांढऱ्या फुलांचा फुलोरा. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बी. फुलोरा आला की परागकण दम्याच्या माणसाला छळतात आणि वारंवार हात लागणाऱ्याच्या कातडीवर खाजरा पुरळ उठतो. काही बायकांना तो दर पावसाळ्यात मनगटापासून कोपरापर्यंत येतो आणि त्या तो उष्णतेचा म्हणून सोसत राहतात. हातमोजे नसतील तर जुन्या पिशवीत हात घालून उपटावं, माती ओली असताना उपटावं आणि फुलाआधी उपटावं. फुलाआधी काढलेल्याचं उत्तम खत होतं. फुलावर आलेलं खड्ड्यात टाकलं तर ते खत पुढच्या वर्षी गाजरगवतच देतं.

त्याला खाणारा एक जीव आपल्याकडे मुद्दाम आणलेला आहे. मेक्सिकन भुंगा. १९८० च्या दशकात बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी तो आणून, तपासून सोडला. पावसाळ्यात गाजरगवताची पानं जाळीदार झालेली दिसली तर जवळ जाऊन बघावं: पिवळट पांढऱ्या पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेघा असलेला, हरभऱ्याच्या दाण्याएवढा भुंगा असतो. तो मारू नये. पावसाळा संपला की तो जमिनीत शिरून झोपतो आणि पुढच्या पावसात परत येतो. रस्त्याकडेच्या पडीक जागेत तरोटा वाढू दिला तर तोही गाजरगवताला दाबतो. पण भुंगा आणि तरोटा या गावाबाहेरच्या पडीकावरच्या फौजा आहेत. परसात हाताला पर्याय नाही. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या आठवड्यात जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकारानं देशभर गाजरगवत जागृती सप्ताह होतो. आपल्याकडे तोवर बरंच गाजरगवत फुलावर आलेलं असतं. गावानं आपला सप्ताह जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा, हे जास्त कामाचं.

इथवर वैऱ्यांबद्दल झालं. पण आजीच्या आठ नावांतली निम्मी नावं तिच्या टोपलीतली आहेत, आणि हा भाग परसबागेच्या मूळ उद्देशाला धरून आहे. घोळ, तांदुळजा, कोवळा तरोटा, केना; शिवाय कुरडूचा शेंडा, पाथरी, चिवळ. गव्हाच्या शेतात चाकवत तण असतो आणि तोच बाजारात जुडी बांधून विकला जातो. तांदुळज्यात लोह आणि कॅल्शियम चांगलं, घोळीत वनस्पतींत कमी आढळणारं ओमेगा-३ जातीचं स्निग्धाम्ल. ज्या बाळाच्या ताटात हिरवी भाजी यावी म्हणून पालकाचं बियाणं वाटलं, त्याच वाफ्यातून तांदुळजा उपटून उकिरड्यावर टाकला जात असेल, तर त्या प्रशिक्षणात काहीतरी मोठं सुटलं आहे. पालक पावसाळ्यात सडतो. तांदुळजा न पेरता येतो. काही वर्षांपासून कृषी विभाग ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो, आणि भिल्ल, पावरा, कोकणा, मावची घरांतल्या बायका तिथे ज्या भाज्या मांडतात, त्यातल्या कितीतरी भाज्या शेताच्या बांधावर आणि परसात तण म्हणूनच उगवतात.

पण इथे ओळख चुकली तर महागात पडतं. घोळीशेजारी अगदी तशीच जमिनीला चिकटलेली, लालसर दांड्याची दुधी उगवते. दांडा मोडून बघावा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, ती भाजीत जाता कामा नये. घोळीचा दांडा मांसल असतो आणि त्यातून नुसतं पाणी येतं. धोतऱ्याचं कोवळं रोप माठाच्या जुडीत आलं तर विषबाधा होते. पिवळा धोतरा तर रब्बीत सगळीकडे दिसतो, काटेरी पानांचा, पिवळ्या फुलांचा. त्याचं काळं बी मोहरीसारखं दिसतं. १९९८ साली दिल्लीत त्याच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाली, लोकांचे पाय सुजले, श्वास लागला आणि साठाहून अधिक माणसं दगावली. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यानं घोळही जपून खावी, तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. आणि ज्या शेतावर फवारा बसला आहे किंवा जे रस्त्याच्या कडेचं आहे, तिथली कुठलीच रानभाजी खाऊ नये.

तणाला आपल्या घरात निव्वळ शत्रू म्हणून जागा कधीच नव्हती. जी हरळी वाफ्यातून काढायची तीच दूर्वा होऊन गणपतीच्या डोक्यावर बसते. श्रावणात जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ, आणि जिवती ही पोराबाळांना राखणारी. नरकचतुर्दशीला अंगठ्याखाली फोडायचं कारीट हेही बांधावरच्या रानवेलीचं कडू फळ. मुद्दा एवढाच की ज्या समाजानं या वनस्पती पूजेत, औषधात आणि टोपलीत घेतल्या, त्याला त्यांची नावं पाठ होती. ती नावं एका पिढीत पुसली जात आहेत.

पुसली का जात आहेत, याचं एक कारण पाठीवरच्या पंपात आहे. खुरपं चालवणाऱ्या हाताला प्रत्येक रोप ओळखावं लागतं, हे ठेव आणि हे काढ असा निवाडा क्षणाक्षणाला करावा लागतो. फवाऱ्याला नाव विचारावं लागत नाही. दहा एकर कपाशी असलेल्या शेतकऱ्यानं मजूर मिळत नाही म्हणून तणनाशक घेतलं तर त्याला घरबसल्या दोष देणं अन्यायाचं आहे. नंदुरबारमधली कितीतरी कुटुंबं हंगामात ऊसतोडीला आणि इतर कामाला गुजरातकडे जातात, निंदणीला माणूस खरोखरच सापडत नाही. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी 'तण खाई धन' ही म्हण उलटवून 'तण देई धन' असं मांडलं, नेरळच्या शेखर भडसावळेंनी बिननांगरटीचं सगुणा तंत्र रुजवलं. मेलेल्या तणाची मुळं जमिनीत राहू द्यावीत, त्यांनी जमिनीचा कर्ब वाढतो, हा त्यांचा विचार मोलाचा आहे. सगुणा तंत्रात तण मारायला तणनाशकही वापरतात. ते शेताचं गणित आहे, आणि त्यावर वाद होऊ शकतो.

गुंठाभर परसात त्या वादाला जागाच नाही. ग्लायफोसेट या तणनाशकाला आपल्या देशात परवानगी आहे ती चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यापुरती. २१ ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनं केंद्रानं ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रकांनीच वापरावं असं ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये त्याला बहुधा कर्ककारक म्हटलं, काही देशांच्या नियामकांना ते मान्य नाही. पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाबाबत मात्र मतभेद नाहीत: पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. आणि टू-फोर-डीचा अनुभव तापीकाठच्या शेतकऱ्यांना वेगळा सांगायला नको. शेजारच्या गव्हात किंवा उसात मारलेल्या त्या औषधाचं वारं कपाशीला लागलं तर पानं भेंडीच्या पानांसारखी चिरत जातात. पपई आणि मिरचीही त्याला तशीच हळवी, आणि नंदुरबारची ओळखच मिरचीच्या बाजारानं आहे. तोच पंप नीट न धुता पुढे मिरचीवर वापरला तरी हेच होतं. जिथे कोंबड्या चरतात, पोरं उघड्या पायांनी खेळतात आणि ज्या वाफ्यातली भाजी तासाभरात चुलीवर जाते, तिथे यातलं काहीही येता कामा नये. अंगणवाडीच्या आवारात तर नाहीच नाही. यावर लेखी बंदीच हवी.

मग हातानं किती होतं? गुंठाभर जागेला, ओळख असेल तर, पुरेसं होतं. पहिल्या पावसानंतर लगेच पेरायची घाई न करता आठ-दहा दिवस तण उगवू द्यावं, वरवर खरवडून मारावं आणि मग पेरावं. खरवडताना माती खोल उलटू नये, नाहीतर खालचं झोपलेलं बी वर येतं. वर्षायू तणं, म्हणजे तांदुळजा, कुरडू, तरोटा, मातीलगत कापली तरी चालतात. मुळं खाली कुजू द्यावीत, वरचा भाग फुलाआधीचा असेल तर तिथेच पसरावा. गव्हाचं काड, उसाचं पाचट किंवा वाळला पाला चार बोटं जाड अंथरला तर बहुतेक बी अंधारातच राहतं. कच्चं शेणखत घालू नये, गुरांनी खाल्लेल्या तणाचं बी त्यातून जिवंत येतं. दोन ओळींमध्ये सायकल कोळपं चालवावं. ते उभ्यानं चालतं. तासन्‌तास उकिडवं बसून खुरपण्यानं बायकांच्या कंबरेचं आणि गुडघ्यांचं जे होतं, ते तण-नियंत्रणाच्या कुठल्याच तक्त्यात मोजलं जात नाही.

निंदणारीची नजर काय ताकदीची असते, याचा पुरावा चीनच्या भातखाचरांत सापडला आहे. भातात वाढणारं सावा वर्गातलं एक गवत मूळचं आडवं पसरणारं आणि लालसर बुडख्याचं. माणसं ते ओळखून उपटत गेली, आणि जे योगायोगानं भातासारखं उभं आणि हिरवं होतं तेवढंच हातातून सुटत गेलं. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या गवताच्या जनुकांवरून दाखवलं की यांगत्सेच्या खोऱ्यात सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून ते भाताचं सोंग घेत आलं आहे. शेतात वाकलेल्या माणसांच्या डोळ्यांनी एका वनस्पतीला रूप बदलायला लावलं. नवापूरच्या भातखाचरांत आज ज्या बायका रोपाचं बूड बघून भात आणि गवत वेगळं करतात, त्यांच्याकडे तीच नजर आहे. आपल्या नोंदीत मात्र त्या अकुशल मजूर असतात.

म्हणून एक मागणी आहे, आणि ती मोठ्या खर्चाची नाही. नंदुरबार जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग आणि कोळदे इथलं कृषी विज्ञान केंद्र यांनी मिळून कोरीटसारख्या प्रत्येक गावात पोषण परसबागेच्या प्रशिक्षणाचा एक दिवस वाफ्यात घ्यावा. तो पाऊस पडून पंधरा दिवसांनी घ्यावा, आणि शिकवायला गावातली अशी बाई बोलवावी जिनं तीस-चाळीस पावसाळे निंदणी केली आहे. अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या मुली आणि शाळेतली पोरं तिच्याभोवती बसतील. ती एकेक रोप उपटून नाव सांगेल, मूळ दाखवेल, हे खायचं आणि हे टाकायचं ते सांगेल. नावं तिच्या बोलीत, अहिराणीत, भिलीत, पावरीत, असतील तशी लिहून घ्यावीत आणि अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवावीत. त्या दिवसाचं मानधन तिला बाहेरून येणाऱ्या प्रशिक्षकाइतकंच द्यावं.